लाल दवाईची विहीर

आई, आज आपल्या दवाखान्याचं दार प्रार्थनेच्या आधी उघडलं.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि मी उठून व्हरांड्यात चक्कर मारून आले, कारण मला खुर्चीत बसवतच नाहीये. दुपार झाली आहे. शेवटची बाई औषधाची बाटली पदराखाली धरून गेली, नर्स पोरी जेवायला गेल्या, आणि स्टोव्हवर सुयांचं भांडं उकळतंय. तुझ्या वेळी याच कोपऱ्यात चूल होती, तिच्यावर तू पट्ट्या उकळायचीस. माझे गुडघे एरवी एकेका पायरीसाठी माझ्याशी भांडतात, आज मी सकाळपासून कितीदा आत-बाहेर केलं याची त्यांना शुद्धच नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं हुरळून हिंडू नये, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हिंड वं पोरी, कोन पाहून राह्यलं?" म्हणून तुलाच लिहिते. बाकी कोणाला सांगितलं तर त्यांना ते नुसतं दार वाटेल.

तुला आधी सांगायला हवं की इकडे काय चाललंय. स्वराज्य अगदी उंबरठ्यावर आलं आहे. तू गेलीस तेव्हा तो शब्दसुद्धा लोक दबकून बोलायचे, आता भाजीवाल्या बाया टोपली उतरवता उतरवता बोलतात. आणि सरकारने मोठमोठ्या डॉक्टरांना बसवून सगळ्या देशाच्या आरोग्याचा एक आराखडा करून घेतला आहे. त्याचे जाडजूड भाग फादरांच्या टेबलावर आले. फादर म्हणाले, "बाई, इंग्रजी अवघड आहे." मी म्हटलं, "कॉन्व्हेंटचे पैसे वसूल होऊ द्या," आणि चष्मा पुसत पुसत जमेल तेवढे वाचले. आई, त्यात असं आहे की पैसे नाहीत म्हणून कोणी औषधावाचून राहू नये. दवाखाना माणसाच्या घराजवळ असावा, माणसाने मरत मरत दवाखान्याच्या गावी जाऊ नये. आणि आजार झाल्यावर धावत सुटण्यापेक्षा आधीच पाण्याची, बाळंतिणीची, पोटातल्या अन्नाची काळजी सरकारने घ्यावी. मी पान उलटत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. हे कोण्या साहेबाने लिहिलं, की केनवडच्या विहिरीच्या काठावर बसलेल्या माझ्या आईने? फार मोठं स्वप्न आहे ते. माझ्या हयातीत पुरं व्हायचं नाही, कदाचित माझ्यामागच्यांच्याही नाही. पण कोणीतरी ते सरकारी कागदावर लिहिलं, आणि लिहिताना "सगळ्यांना" असा शब्द वापरला, याचाच मला इतका आनंद झाला की त्या दिवशी वरणात मी मीठ दोनदा घातलं.

मग अकोल्याहून एक तरुण हेल्थ ऑफिसर आले. चांगले मनमिळाऊ, हातात हॅट, चपला मात्र देशी. फादरांना म्हणाले की सरकारला या भागात हळूहळू काम सुरू करायचं आहे, नवी इमारत बांधायला वेळ लागेल, तेव्हा मिशनचा दवाखानाच केंद्र म्हणून धरला तर? औषधं सरकार देईल, एक डॉक्टर देईल, गावोगाव फिरायला दोन माणसं देईल. अटी दोनच. दार सगळ्यांना सारखं, आणि औषधाआधी प्रार्थना नाही. "प्रार्थनेला हरकत नाही, चर्चमध्ये करा, केव्हाही करा," ते म्हणाले, "पण पेशंटला तिच्यातून जावं लागता कामा नये." आम्ही नाही म्हटलं तर केंद्र दुसरीकडे जाईल, लांब, आणि या बाजूच्या खेड्यांची पाळी कधी येईल ते सांगता येत नाही. तसं ते धमकी देत नव्हते. खरंच सांगता येत नव्हतं.

तुला आपली पद्धत आठवत असेल. घंटा व्हायची, आधी आलेले आत बाकांवर बसायचे, दार लागायचं. प्रार्थना, एक गीत, शुभवर्तमानातली एक गोष्ट, मग आमेन, मग औषध. आत बसलेल्यांना आधी नंबर. ज्यांना आत बसायचं नसेल ते बाहेर कडुनिंबाखाली थांबायचे, आणि आतले संपले की त्यांची पाळी. तू गेल्यावरही हे इतकी वर्षं असंच चाललं. मीही चालवलं. कोणी वाईट हेतूने करत नव्हतं, घरात आधी दिवा लावावा तसं ते होतं. पण कडुनिंबाखाली कोण बसायचं? मानोरा भागातून शेतमजुरीला उतरलेल्या बंजारा तांड्यांतल्या बायका, काही मुसलमान घरं, लांबून पायी आलेले. त्यांच्यात एक बोलवा होती की आत मान खाली घालून बसलं की ख्रिस्ती म्हणून नाव चढवतात. आणि दुपार झाली की त्यातले पुष्कळ उठून जायचे, कारण घरी पोचायला पुन्हा तेवढंच चालायचं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अशीच एक तांड्यातली बाई तापलेलं पोर छातीशी घेऊन निंबाखाली बसली होती. आत गीत चाललं होतं, तीन कडव्यांचं, आणि आमच्या पोरी त्या दिवशी फार गोड गात होत्या. खिडकीतून मी पाहिलं, ती उठली आणि चालू लागली. मी औषधांची पेटी बंद न करता मागच्या दाराने पळाले, आई, या गुडघ्यांनी, आणि फाट्याजवळ तिला गाठलं. म्हटलं, "बाई, जरा दम धरायचा होता, आता पाच मिनिटांत बोलावलं असतं." ती रागावली नव्हती. पोराच्या कपाळावरची माशी उडवून म्हणाली, "तुमच्या घरी देव आधी अन् पोर मंग. माह्या घरी उलटं हाय, बाई." मी तिला हाताला धरून मागच्या दाराने आणलं. पोर वाचलं. पण तिचं बोलणं माझ्या कानातून गेलं नाही, कारण ते मी आधी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

त्या वर्षी मी सुट्टीला घरी आलेली. कॉन्व्हेंटात जाऊन मला नुकती शिंगं फुटली होती. भाकरी काट्याने खाता येते का ते मी करून पाहत होते, आणि तू चुलीजवळून ओरडायचीस, "पाहा माही मड्डम! भाकर टोचून मारून राह्यली." केनवडचा बाजार भरून उठला आणि मागोमाग पटकीच्या साथीची खबर आली. आपल्या डॉक्टरीण, मोठ्या सिस्टर, दुसऱ्याच गावी अडकलेल्या, म्हणून त्यांनी निरोप धाडून तुला जायला सांगितलं. घरी मला एकटीला ठेवायची सोय नव्हती. छकड्यात कडब्यावर गोधडी, गोधडीवर आपण दोघी, आणि तुझ्या मांडीत लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली ती बाटली. आत काळे-जांभळे खडे. तू त्यांना लाल दवाई म्हणतेस. विहिरीत टाकायची ती. मी विचारते, "एवढंसं आख्ख्या विहिरीला पुरेल?" तू म्हणतेस, "चिमूटभर मिठानं गंजभर वरन सुधरते ना?" ऊन असं आहे की बैलांची सावली बैलांच्याच पायात अडकते आहे, आणि तू रस्ताभर मला सांगते आहेस की गावात कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, उकळल्याशिवाय तर नाहीच.

आपण पोचलो तेव्हा सांज होत होती. माळ्यांच्या वस्तीजवळची ती मोठी विहीर, तिच्यावर अर्धं गाव पाणी भरायचं आणि वांग्या-मिरच्यांचे मळेही तिच्यावरच. बाया कळशा टेकवून बघत उभ्या राहिल्या. तू बादलीत खडे विरघळवलेस, काठीने ढवळलेस, आणि मग रोज सकाळी दवाखान्यात करायचीस तेच केलंस. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना. मीसुद्धा ठासून आमेन म्हटलं, माझा आवाज चांगला होता आणि मला ते ठाऊक होतं. मग बादली विहिरीत रिकामी केलीस. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पाणी भरायचं, असं सांगून आपण चावडीत झोपायला गेलो.

सकाळी पाणी गुलाबी. तू खूश, कारण दवाई बरोबर लागली होती. बायांच्या मात्र कळशा कमरेवरून खालीच उतरेनात. त्यातली एक वाशिमच्या बाजाराला आली असताना आपल्या देवळाच्या खिडकीतून आत डोकावली होती. तिने सगळ्यांना हाताने करून दाखवलं. "म्या सोता पाह्यलं, बाई. थो झगेवाला बाबा वाटीतून लाल पेते, अन् पेयाच्या आंधी हात असा असा करते. काल हिनं बी तसाच केला. तेच पानी हाय हे. पेलं का किरिस्ताव!" दुसरी म्हणाली, "मंग भांडे घासाचे कशानं? गंज बी किरिस्ताव होतीन." आणि मळ्याची मालकीण, जिला सगळे मावशी म्हणत, ती म्हातारी माळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्ये वांगे याच पान्यावर हायेत. वांग्याइनं बापतिस्मा घेतला तं बाजारात कोन इकत घेईन?"

तू हसलीस. मलाही हसू आवरेना. वांग्यांना बाप्तिस्मा! आपण दोघी त्या काठावर पोट धरून हसलो, आणि बाया मुकाट कळशा उचलून नाल्याकडे गेल्या. नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा होता, पाणी दिसायला नितळ. त्याच नाल्यावर, जरा वरच्या अंगाला, आजारी माणसांची अंथरुणं धुतली होती. तू धावत गेलीस, सांगितलंस, विनवलंस. त्यांनी तुझं ऐकून घेतलं आणि झिऱ्याचंच भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यांच्या आळीतून रडणं आलं. एका घरचा कर्ता गेला होता. मावशीची सून रात्रीपासून गळाली होती.

तू विहिरीच्या काठावर बसलीस. मी तुला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. दुष्काळात बाबा गेले, मला कडेवर घेऊन तू मिशनच्या दारात आलीस, ते सांगतानाही तू गप्प होत नसायचीस. मग म्हणालीस, "पोरी, दवाई चांगली होती. म्या देवाले मधात उभं केलं, अन् लोक बाटाच्या भेवानं मांगं फिरले." आणि तू गळ्यातला क्रूस काढलास. काळ्या गोफातला, पितळेचा. माझ्या हातात ठेवलास आणि माझी मूठ बंद केलीस.

मला धक्काच बसला. कॉन्व्हेंटात नुकतंच शिकवलं होतं की कोंबडा आरवण्याआधी येशूच्या शिष्यानेच आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं. मी म्हटलं, "आई, हे नाकारणं आहे. पाप आहे." तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी आजही ती नजर विसरत नाही. "देवाले काय माह्या गळ्यातच बसाचं हाय काय वं? लोकाइचा जीव चालला अन् मी त्याले छातीवर मिरवत बसू? त्याले इहिरीत उतरू दे." मी मूठ आवळून धरली. क्रूस तुझ्या घामाने ओला होता आणि उन्हाने गरम.

मग तू मावशीच्या दारात गेलीस. ती सुनेच्या उशाशी बसली होती. तू आधी सुनेचं पाहिलंस, तिला घोट घोट मीठपाणी सुरू केलंस, आणि मग बादली आणि बाटली मावशीपुढे ठेवलीस. "मी हात लावत नाही. तूच टाक." मावशी म्हणाली, "मले तुहे मंतर येत नाहीत." तू म्हणालीस, "तुले येते तो म्हन. काहीच येत नसन तं शिव्या दे." सांजेला मावशी विहिरीवर आली, तिच्यामागे सगळी आळी. तिने बादली ओणवी केली आणि विहिरीत तोंड घालून अशी कडाडली की पारव्यांचा थवा उठला, "निंघ वं रांडे मरीमाय, माही सून सोड अन् निंघ! चालती हो!" तू मागे उभी होतीस, हात पदराखाली. मी तुझे ओठ पाहत होते. ते हलत नव्हते.

सकाळी पाणी पुन्हा गुलाबी, आणि पुन्हा कोणी पुढे होईना. तेवढ्यात बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून मन्यार चाचा आले. गावातल्या प्रत्येक बाईचा हात त्यांनी हातात घेतलेला, त्यांच्यासमोर कोणाचा पडदा नाही. मेंदी लावलेली त्यांची दाढी भाजलेल्या विटेसारखी लाल. त्यांनी सगळा प्रकार ऐकला आणि म्हणाले, "लाल रंगानं मानूस किरिस्ताव होते? मंग माही दाढी तं कवाचीच किरिस्ताव हाय, अन् मी पाच टायम नमाज पडून राह्यलो!" बाया पदरात तोंड घालून हसल्या. चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि ओंजळीने प्याले. मग मावशी प्याली. तिने चूळ भरून पाहिली, पुन्हा प्याली, आणि म्हणाली, "जरासं तुरट लागते. पन मी तं तशीच माळीन राह्यली." त्यानंतर कळशांची रांग लागली, आई. मी क्रूस मुठीत धरून त्या रांगेकडे पाहत होते. जो तो आपापल्या देवाचं नाव घेऊन तेच पाणी भरत होता, आणि तू लांब एका दगडावर बसून सुनेसाठी पेज गाळत होतीस, जणू तुझा त्या विहिरीशी काही संबंधच नव्हता. सून उठून बसली तो दिवस मला आठवतो. मावशीने छकडा भरून वांगी दिली. ती खाता खाता तू म्हणालीस, "पाह्य, आपन वांगे बाटवाले आलो म्हने, अन् वांग्याइनंच आपल्याले बाटवलं."

घरी आल्यावर जे झालं तेही आठवतं. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या तुटक मराठीत विचारलं, "प्रार्थना केली?" तू म्हणालीस, "पयल्या दिवशी केली, तं लोक मेले. मंग नाही केली." त्यांचा चेहरा उतरला. आणि क्रूस? तू खरं सांगितलंस. त्या तुझ्या शत्रू नव्हत्या, दोन साथींमध्ये स्वतः मरता मरता वाचल्या होत्या. पण ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आलो त्याचं नाव लपवायचं, हे त्यांना सोसवेना. फादरांपुढे गोष्ट गेली. आपण दोघी त्यांच्यासमोर उभ्या, मी तुझ्या लुगड्याचा काठ धरून. फादर म्हणाले, लोक बरे झाले हे चांगलं, पण कोणी बरं केलं हे त्यांना कळलं का? आणि तू, मान खाली, पण आवाज चांगला मोठा, म्हणालीस, "फादर, धा महारोगी बरे झाले अन् आभार मानाले एकच वापस आला. बाकीच्या नऊ जनाइचा रोग येसूनं वापस लावला काय?"

फादरांनी निकाल दिला. तुला पुढच्या पावसाळ्यापर्यंत गावं बंद झाली, पट्ट्या उकळायला लावलं. चुलीपुढे घामाने भिजून तू म्हणायचीस, "बरं हाय, या पट्ट्याइले बाटाचं भेव नाही." मी कॉन्व्हेंटात परत निघाले तेव्हा क्रूस तुला द्यायला गेले. तू घेतला नाहीस. "तुह्याच जवळ राहू दे. तुले कवा काढाचा थे समजलं म्हन्जे झालं." तुझ्यासाठी मग सिस्टरांनीच दुसरा दिला, कापडी गोफाचा. तो तुझ्याबरोबर गेला. हा माझ्या गळ्यात आहे.

आता परवाची सभा. देवळामागच्या खोलीत आम्ही सगळे, फादर, सिस्टर, ऑफिसर साहेब, मंडळीतली शहाणी माणसं. आपले उपदेशक मास्तर पहिल्यांदा उठले. त्यांनी जन्मभर निंबाखाली लोकांना गोष्टी सांगितल्या आहेत, आणि ते मनापासून बोलले. "बाई, मी भांडाले उठलो नाही. पन प्रार्थना काढली तं आपल्याजवळ उरलं काय? बाटल्या? सरकार आपल्याले बाटल्या भराले ठेवून राह्यलं. उद्या एखादा मानूस मरनाच्या दारात इचारीन, बाई, मले धीर द्या, तं तुमी काय सांगसान, नियम नाही?" त्यांचं खोटं नव्हतं. मी हात पदराखाली घेऊन उठले.

मी म्हटलं, मास्तर, तुम्हीच मला लहानपणी त्या कुंडाची गोष्ट सांगितली होती. पाणी हललं की जो आधी उतरेल तोच बरा होणार. आणि एक माणूस वर्षानुवर्षं काठावर पडलेला. प्रभूने त्याला विचारलं, बरं व्हायचंय का? तर तो काय म्हणाला? मला पाण्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही. मास्तर, आपल्या निंबाखाली तेच कुंड आहे. ज्याचं कोणी आत आहे तो आधी, ज्याला आपलं गीत येतं तो आधी. प्रभूने त्या माणसाला रांगेत पुढे ढकललं नाही, त्याने रांगच मोडली. सरकारचा हा आराखडा मी वाचला तर मला दुसरं काही दिसलं नाही, फक्त एवढंच, की ज्याचा कोणी नाही त्याचाही कोणीतरी माणूस असावा. पगारी का असेना. हे काम बाहेरच्या कोणी आपल्या हातून काढून घेतलं असं मला वाटत नाही. हे आपलंच मागणं कोणीतरी सगळ्या देशासाठी मागितलंय.

आणि मग मी केनवड सांगितलं. दाढीसकट, वांग्यांसकट, आणि रडण्यासकट. ऑफिसर साहेब इतके हसले की त्यांची हॅट गुडघ्यावरून पडली, आणि गोष्ट माळ्यांच्या आळीतल्या रडण्यापाशी आली तेव्हाही त्यांनी ती उचलली नाही. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "साहेब, तुमच्या दोन अटी झाल्या, आता आमची एक. सरकारी माणूसही बहिरा असतो, खेकसतो, साहेबाची ओळख विचारतो. तो आमच्या निंबाखाली दुसरी रांग लावणार नसेल तरच आम्ही दार देऊ. आजाराआधी कोणाची जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, कोणाला परत पाठवायचं नाही." ते म्हणाले, "बाई, हे आराखड्यात आहेच." मी म्हटलं, "कागदावर आहे, मी वाचलंय. मी तुमच्याबद्दल विचारतेय." ते उठून उभे राहिले आणि "हो" म्हणाले. एवढंच. मला ते पुरलं.

आणि मास्तर, मी म्हटलं, मरणाच्या दारातला माणूस धीर मागेल तेव्हा मी त्याचा हात धरीन आणि जे येतं ते म्हणीन, कोणता नियम आडवा येतो ते पाहू. मागेल तेव्हा. विकत नाही, आधी नाही. हात वर करायची वेळ आली. बहुतेक हात वर झाले. मास्तरांचा हात कानापाशी होता, खाजवत असावेत. फादरांनी तोही मोजला आणि मास्तरांनी तो खाली घेतला नाही.

आणि आज सकाळ! घंटा झाली आणि मी दोन्ही दारं सताड उघडली. निंबाखालच्या बायका उठेचनात. त्यांना वाटलं, आपली वेळ अजून व्हायची आहे. मी हाका मारल्या, "या बायांनो, आधी आली ती आधी!" तरी एकमेकींकडे बघत बसल्या. सर्वांत पुढे कोण उठलं असेल? तीच, फाट्यापर्यंत मी जिच्यामागे पळाले होते ती, पोर आता तिच्या बोटाला धरून चालत होतं. तिने उंबऱ्यावरून आत पाहिलं, रिकामे बाक पाहिले, आणि विचारलं, "आज थे गानं नाही काय?" मी म्हटलं, "नाही. का?" ती म्हणाली, "बाहीरून गोड लागत होतं. आत बसून आयकाचं होतं एक डाव." आई, मी खो खो हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला सांगितलं, रविवारी देवळात ये, पोरी तुझ्यासाठी तिन्ही कडवी म्हणतील, औषध नाही मिळायचं तिथे. ती म्हणाली, "पाहू." मघाशी मास्तर आले. कोणाशी न बोलता त्यांनी निंबाखालचा बाक उचलला, एकटेच, आणि आत आणून भिंतीशी ठेवला.

हे पत्र कुठे टाकू? तुझी माती देवळामागे आहे, पोस्ट तिथवर जात नाही. लुगड्यांच्या पेटीत तुझ्या चष्म्याशेजारी ठेवीन. पण एक सांगून टाकते, कारण तू माझे हात नेहमी पाहायचीस. आज दारं उघडताना माझा उजवा हात सवयीने कपाळाकडे गेला. मी तो थांबवला आणि कपाळावरचे केस मागे सारले. मग छातीवरची पिन सरळ केली. मग डाव्या खांद्यावरचा पदर नीट केला, आणि उजव्या खांद्यावरची, तिथे नसलेली, एक सुरकुती झटकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे उभी असलेली बाई म्हणाली, "बाई आज लय नटून राह्यल्या."